एकाक्ष देव आणि अंतराळातील चाचा

उंच, सडपातळ देह. एक डोळा कायमचा गेलेला. अंगावर गडद रंगाचा पायघोळ झगा. जवळपास कोठेतरी एक काळसर पक्षी. एकांत मिळाला म्हणजे हा पुरुष आपल्या एका मृत मित्राशी हितगुज करतो, आणि तो मृत मित्र आपल्या परीने त्याला सल्लाही देतो. त्याच्याभोवती निवडक शूरांचा एक जथा आहे. ज्या जगासाठी तो झुंजतो आहे ते जग बहुधा वाचणार नाही याची जाणीव त्याला आहे, आणि तरीही तो झुंजतो आहे.

हे वर्णन कोणाचे, असे युरोपच्या उत्तरेकडील जुन्या नॉर्स वाङ्मयाच्या अभ्यासकास विचारले तर तो क्षणाचाही विलंब न लावता ‘ओडिनचे’ असे सांगेल. हाच प्रश्न जपानी चित्रकथांच्या आणि ॲनिमेशनच्या जाणकारास केला तर तो तितक्याच तत्परतेने ‘कॅप्टन हार्लॉक’ असे उत्तर देईल. पहिला देवांचा राजा, दुसरा चाचा. (इंदूर आणि हैदराबादकडील वाचकांनी येथे काका असा अर्थ घेऊ नये. समुद्रावर गलबते लुटणाऱ्या चाच्यांच्या कुळातला हा एक असून त्याचा समुद्र म्हणजे अंतराळ आहे, इतकेच.) या दोघांत सुमारे साडेसातशे वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. मग ही विलक्षण सारखेपणाची रेघ आली कोठून? या महिन्याच्या सदरात आम्ही याच प्रश्नाचा थोडा पाठपुरावा करणार आहोत.

शाळेतील पालकसभांत एक तक्रार आम्हांस वारंवार ऐकावी लागते. मुले दिवसभर फोनवर जपानी ‘कार्टून’ पाहतात, अक्राळविक्राळ यंत्रे एकमेकांवर आदळतात, आणि त्यातून हाती काहीच लागत नाही, अशी ती तक्रार. तिच्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या यंत्रांच्या गदारोळात कधी कधी फार जुनी माणसे वावरत असतात. मराठी समीक्षेत ‘आदिबंध’ ही संज्ञा आता चांगलीच रुळली आहे. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या विचारांतून ती आली. देश, भाषा, काळ बदलला तरी मानवी मनात पुन्हा पुन्हा उमटणारी आकृती, असा तिचा स्थूल अर्थ. नाव हरवले तरी आकृती उरते. उलट, नाव तेवढे उरले आणि आकृती हरवली, असेही होते. आमच्या विषयात हा दुसरा प्रकारच अधिक आढळतो.

प्रथम मूळ कथांविषयी थोडेसे. नॉर्वेतून निघालेल्या लोकांनी इ. स. ८७० च्या सुमारास आइसलँड या ओसाड बेटावर वस्ती करण्यास प्रारंभ केला. इ. स. १००० च्या सुमारास तेथील लोकसभेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जुने देव गेले, परंतु त्यांच्या कथा गेल्या नाहीत. स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या एका सरदाराने १२२० च्या सुमारास त्या ‘एद्दा’ या ग्रंथात लिहून काढल्या. त्याचा हेतू कोणता होता? तरुण कवींना जुन्या काव्यातील संकेत उमगेनासे झाले होते, ते समजावून देणे. म्हणजे ओडिन आणि थॉर यांच्याविषयी आज जे काही जगाला ठाऊक आहे त्याचा मोठा भाग एका पाठ्यपुस्तकामुळे वाचला आहे! पेशाने शिक्षक असल्यामुळे आम्हांस याचा किंचित अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील. या कथांचे मूळ असलेल्या जुन्या कवितांची सर्वांत महत्त्वाची हस्तलिखित पोथी १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे भेट म्हणून गेली होती. ती १९७१ मध्ये आइसलँडला परत मिळाली. विमानाचा भरवसा नको म्हणून ती जहाजाने आणली गेली आणि बंदरावर तिच्या स्वागतासाठी लोकांची दाटी झाली. मायभूमी सोडून दूर जाऊन राहिलेल्या वस्तीने मायभूमीपेक्षा अधिक निष्ठेने जुन्या गोष्टी जतन कराव्यात, हे वाचून आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या चेहऱ्यावर ओळखीचे स्मित उमटेल, यात शंका नाही.

या कथांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य असे की, त्यांतील देव मरतात, आणि आपण मरणार हे त्यांना अगोदर कळलेले असते. राग्नारोक नावाचे अंतिम युद्ध व्हावयाचे आहे. त्यात फेनरिर हा लांडगा ओडिनला गिळणार, थॉर महासर्पाला मारून नऊ पावले चालणार आणि सर्पाच्या विषाने कोसळणार, सुर्ट नावाचा अग्निदैत्य सारी सृष्टी जाळून टाकणार. भविष्य सांगणाऱ्या स्त्रीने हे ओडिनला सविस्तर सांगून ठेवले आहे. आपल्याकडेही प्रलय आहे. पण आपला प्रलय चक्रातील एक आरा असतो. बुडत्या विश्वावर वटपत्रावर पहुडलेला बालमुकुंद शांतपणे पायाचा अंगठा चोखीत असतो, आणि ऐकणाऱ्याला धीर येतो. नॉर्स कथांत असा कोणी नाही. समजूत घालायची तर आपल्या कर्णाची आठवण करावी. कवचकुंडले मागणारा कोण आहे आणि देण्याचा परिणाम काय होणार हे माहीत असूनही त्याचा हात मागे येत नाही. ज्या जगात सारेच देव कर्णाच्या जागी उभे आहेत, ते हे जग.

आणि म्हणूनच ते विज्ञानकथेला सोयीचे पडते. सूर्यही एक दिवस विझणार हे विज्ञान सांगते. मनुष्याने घडविलेले अस्त्र मनुष्यजातीचा अंत करू शकेल, हे १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानइतके दुसऱ्या कोणाला प्रत्यक्ष कळले नाही. जेथे अंत शक्य कोटीतला आहे आणि तारणहाराची शाश्वती नाही, तेथे ओडिनची गोष्ट परकी राहात नाही. जपानी कलावंतांनी या कथांकडे धाव घेतली त्याचे कारण केवळ परदेशी नावांचे आकर्षण नव्हे, असे आमचे मत आहे.

अर्थात नावांचे आकर्षण आहेच. या चित्रपटांत थॉर, लोकी, फेनरिर, व्हाल्हाला ही नावे इतक्या सढळ हाताने वाटलेली असतात की, विचारता सोय नाही. एखाद्या तोफेला थॉरचे नाव, एखाद्या यानाला लांडग्याचे. ही नावे काढून तेथे दुसरी घातली तरी कथेचे काही बिघडत नाही. कोऱ्या पितळी भांड्यावर पणजोबांचे नाव घालून ते जुने म्हणून मिरवण्यासारखा हा प्रकार आहे. तो सोडून देऊ.

हार्लॉकची गोष्ट वेगळी. त्याचा जनक लेइजी मात्सुमोतो हा १९३८ मध्ये जन्मला आणि २०२३ मध्ये निवर्तला. त्याचे वडील सैन्यातील वैमानिक होते. देश हरला तेव्हा हा मुलगा सात वर्षांचा होता. १९४५ च्या एप्रिलमध्ये बुडालेली ‘यामातो’ ही प्रचंड युद्धनौका अंतराळयान होऊन पुन्हा निघते, अशी जी मालिका जपानी दूरचित्रवाणीवर १९७४ मध्ये झाली तिच्या घडणीत त्याचा मोठा वाटा होता. पराभव हा त्याच्या कल्पनेचा मूळ स्वर आहे. ‘अंतराळातील चाचा कॅप्टन हार्लॉक’ ही ४२ भागांची मालिका १९७८ मध्ये आली. कथा इसवी सनाच्या तिसाव्या शतकाच्या अखेरची. पृथ्वीवरील माणसे सुखासीन झाली आहेत, यंत्रे कामे करतात, राज्यकर्ते आळसावले आहेत. माझोन नावाच्या, वनस्पतीपासून उत्पन्न झालेल्या स्त्रियांचे अफाट आरमार पृथ्वीच्या रोखाने येत आहे, आणि त्याची दखल घेण्याची कोणाची तयारी नाही. दखल घेतो तो एकटा हार्लॉक, ज्याला याच पृथ्वीने गुन्हेगार ठरविले आहे. ‘आर्केडिया’ या आपल्या जहाजावर चाळीसेक साथीदार घेऊन तो त्या आरमारासमोर उभा राहतो.

आता ओडिनशी ताडून पाहावे. ओडिनने मीमिरच्या विहिरीतील ज्ञानाचा एक घोट मिळावा म्हणून आपला एक डोळा तिच्यात ठेवला. हार्लॉकचा डोळा १९८२ च्या ‘माझ्या तारुण्यातील आर्केडिया’ या चित्रपटात शत्रूच्या हातून जातो. येथे साम्य बाहेरचे आहे, कारण हार्लॉकला त्या डोळ्याच्या मोबदल्यात काही मिळालेले नाही. ओडिनजवळ हुगिन आणि मुनिन, म्हणजे विचार आणि स्मृती, असे दोन कावळे असतात. ते रोज जगभर उडून येऊन त्याच्या कानात वार्ता सांगतात. हार्लॉकच्या जहाजावर एकच पक्षी आहे, आणि तो वार्ता सांगण्यापेक्षा खोड्याच अधिक काढतो. इथवरचे सारे योगायोग म्हणून सोडून देता येईल.

पण मीमिरचे मस्तक योगायोगात बसत नाही. मीमिर हा ज्ञानी. शत्रूंनी त्याचा शिरच्छेद करून मस्तक देवांकडे पाठविले. ओडिनने ते वनस्पतींचे लेप लावून टिकविले, मंत्र म्हटले, आणि ते मस्तक बोलू लागले. पुढे राग्नारोकची चाहूल लागते तेव्हा ओडिन सल्ल्यासाठी जातो तो या मस्तकाकडेच. हार्लॉकचा जिवलग मित्र तोचिरो हा बुटका, चष्मा लावणारा, विलक्षण बुद्धीचा यंत्रज्ञ. आर्केडियाची रचना त्याची. तो अकाली मरण पावतो, आणि त्याचा आत्मा जहाजाच्या मध्यवर्ती संगणकात उतरतो. पेचप्रसंगी जहाज आपण होऊन वळते, आपण होऊन तोफा डागते. रात्री हार्लॉक त्या संगणकाच्या दालनात एकटा जाऊन बसतो आणि बोलतो. लेप आणि मंत्र यांच्या जागी तारा आणि दिवे आले, बाकी आकृती तीच आहे. मृत शहाण्याला मरू न देता जवळ ठेवणे आणि संकटाच्या वेळी त्याच्यापुढे मन मोकळे करणे. यातील भावना फार खोल आहे. ओडिनजवळ सारी सत्ता होती, तरी शेवटी त्याला विचारावयास एकच जागा उरली होती. हार्लॉकच्या एकटेपणाला त्या मस्तकाची सावली पडलेली आहे.

आणि तरी मात्सुमोतोने ओडिनमधील एक मोठा अंश घेतलेला नाही. ओडिन विश्वासू नाही. शेवटच्या युद्धासाठी व्हाल्हालामध्ये शूर वीर हवेत, म्हणून तो आपल्याच आवडत्या योद्ध्यांना ऐन रणात दगा देतो. ते मेल्यावाचून त्याच्याकडे येणार कसे? भविष्य ठाऊक असण्याने मनुष्य उदात्तच होतो असे नाही, तो निर्दयही होऊ शकतो, हे त्या जुन्या कवींना पक्के माहीत होते. हार्लॉक मात्र कोणालाही दगा देत नाही. साथीदारांना तो पुन्हा पुन्हा सांगतो की, राहायचे तर स्वेच्छेने राहा. मृत मित्राची लहान मुलगी पृथ्वीवर अनाथाश्रमात आहे, तिच्यासाठी तो पकडले जाण्याचा धोका पत्करून पृथ्वीवर उतरतो. मग ओडिनचे ते कपट गेले कोठे?

त्याचे उत्तर १९९९ मध्ये मिळाले. त्या वर्षी मात्सुमोतोच्या चित्रकथेवरून ‘हार्लॉक सागा’ ही सहा भागांची मालिका निघाली. तिचा आधार जर्मन संगीतकार रिचर्ड व्हागनर याचे ‘ऱ्हाइनचे सुवर्ण’ हे संगीतनाट्य, आणि व्हागनरने आपली सामग्री घेतली ती बरीचशी या नॉर्स कथांतूनच. ऱ्हाइनचे सोने चोरीस जाते, त्यापासून विश्वावर सत्ता देणारी अंगठी घडविण्याचा बेत होतो. यात ओडिन स्वतःच अवतरतो, व्होटान या जर्मन नावाने. तो व्हाल्हालाचा सत्तांध स्वामी आहे, आणि त्याच्याशी सामना पडतो हार्लॉकचा. एकाक्ष वीर आणि व्होटान समोरासमोर! आमच्या समजुतीने मात्सुमोतोने एकाच देवाचे दोन तुकडे केले. त्याचे धैर्य, त्याचे एकटेपण, त्याचा पक्षी आणि त्याचे बोलके मस्तक चाच्याला दिले. त्याचे कपट आणि सत्तेची हाव सिंहासनावर ठेवली. पराभूत देशात वाढलेल्या, ज्यांच्या शब्दाखातर लाखो तरुण मेले त्या सत्ताधीशांचा अंत पाहिलेल्या पिढीच्या लेखकाने असे करावे यात नवल नाही. मात्र सोय झाली तशी थोडी हानीही झाली, असे आम्हांस वाटते. जुना ओडिन पचावयास जड होता तो यासाठी की, त्याचे शौर्य आणि त्याचा दगा एकाच छातीत नांदत होते.

नाव नसताना आकृती कशी येते याचे आमच्या मते सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे हिदेआकी आन्नो यांची १९९५-९६ मधील ‘नेऑन जेनेसिस इव्हान्जेलिऑन’ ही २६ भागांची मालिका. तिच्यातील नावे बायबलाच्या परंपरेतील आहेत. आदाम, लिलिथ, लाँजिनसचा भाला इत्यादी. तथापि तिचा सांगाडा आम्हांस फेनरिरच्या कथेचा दिसतो.

ती कथा अशी. फेनरिर हे लोकीचे पोर, लांडग्याचे पिल्लू. हा पुढे आपला घात करणार हे देवांना ठाऊक होते. तरीही त्यांनी त्याला आपल्याच घरी वाढविले. त्याला खाऊ घालण्याची छाती एकट्या टीर या देवाची होती. लांडगा वाढू लागला तसे देव घाबरले आणि त्याला खेळाच्या मिषाने बांधू पाहू लागले. दोन भक्कम साखळ्या त्याने तोडल्या. तेव्हा बुटक्या कारागिरांकडून एक रेशमासारखा मऊ दोर करवून घेण्यात आला. त्यात सहा वस्तू घातल्या होत्या: मांजरीच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळे, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास आणि पाखराची थुंकी. स्नोरी मिस्कीलपणे सुचवितो की, मांजरीची पावले वाजत नाहीत आणि बायकांना दाढी नसते यावरूनच ही गोष्ट खरी समजावी. लांडग्याला संशय आला. तो म्हणाला, तुमच्यापैकी एकाने विश्वासाची खूण म्हणून माझ्या तोंडात हात ठेवावा. सारे एकमेकांकडे पाहू लागले. टीरने उजवा हात पुढे केला. दोर तुटला नाही, देव हसले, टीर तेवढा हसला नाही. त्याचा हात गेला होता. लांडग्याला ठार का मारले नाही, तर पवित्र जागी रक्त सांडावयाचे नव्हते म्हणून. शेवटी राग्नारोकच्या वेळी तो सुटतो आणि ओडिनला गिळतो.

इव्हान्जेलिऑनमधील महाकाय ‘इव्हा’ हे यंत्रमानव आहेत असे पाहणाऱ्याला प्रथम वाटते. हळूहळू कळते की, ते जिवंत देह आहेत. मनुष्याने आपल्या रक्षणासाठी, ज्याची त्याला धास्ती आहे अशाच शक्तीपासून ते निर्माण केले आणि भूमिगत तळात वाढविले. एकोणिसाव्या भागात एक इव्हा बेभान होऊन शत्रूला फाडून खातो, आणि तेव्हा उलगडा होतो की, त्याच्या अंगावरील पोलादी आवरण हे चिलखत नसून बंधन आहे. फेनरिरच्या गळ्यातील दोराहून ते निराळे नाही. आणि हात? इव्हाच्या पोटात चौदा वर्षांचा मुलगा बसतो. इव्हाचा हात मोडला की तो मुलगा स्वतःचा हात धरून किंचाळतो. मोठी माणसे पडद्यांवरील आकडे पाहात सुरक्षित अंतरावर उभी असतात. देव हसले, टीर हसला नाही. ही तुलना ओढून आणलेली आहे असे कोणी म्हणेल, आणि आन्नो यांनी फेनरिर डोळ्यांसमोर ठेवला होता असा आमचाही दावा नाही. पण आदिबंध म्हणतात तो यालाच. घातक शक्ती घरात वाढवावयाची, तिला फसवून बांधावयाचे आणि किंमत मात्र त्यातल्या त्यात प्रामाणिक असलेल्याने मोजावयाची, हा व्यवहार विज्ञानयुगाने नव्याने शोधून काढलेला नाही.

मन थोडे हलके करणारे उदाहरण आता घेऊ. कोसुके फुजिशिमा यांची ‘आ! माझी देवते’ ही चित्रकथा १९८८ ते २०१४ अशी २६ वर्षे चालली, तिच्यावर चित्रमालिकाही झाल्या. एक साधासुधा महाविद्यालयीन विद्यार्थी दूरध्वनीवर चुकीचा क्रमांक फिरवितो आणि तो लागतो थेट स्वर्गात. तेथून तीन देवताभगिनी त्याच्या घरी राहावयास येतात. या तिघी म्हणजे नॉर्स कथांतील तीन दैवरेखा: उर्ड, वेरदांदी आणि स्कुल्ड. जपानी लेखनात ‘व’चा ‘ब’ झाला आणि वेरदांदीची ‘बेलदांदी’ झाली. ती तशीच जगभर प्रसिद्ध झाली. मूळ कथेत या तिघी ज्या विश्ववृक्षाच्या मुळाशी बसून त्याला पाणी घालतात तो इग्ड्रासिल येथे स्वर्गातील महासंगणक आहे, आणि सर्व विश्वाचा कारभार तो चालवितो. मूळ वृक्षाची मुळे नीडहॉग नावाचा सर्प कुरतडीत असतो. या संगणकात किडे होतात, आणि धाकटी स्कुल्ड हातोडा घेऊन त्यांच्या मागे धावते. संगणकवाले चुकीला किडाच म्हणतात, त्यामुळे हा विनोद फारच फक्कड जमला आहे.

भाषेच्या विद्यार्थ्याला या तीन नावांत विशेष गोडी वाटेल. उर्ड म्हणजे जे होऊन गेले ते. वेरदांदी म्हणजे जे होत आहे ते. हा शब्द आणि आपला ‘वर्तमान’ हे दोन्ही एकाच मूळ धातूपासून निघालेले आहेत, इतकेच नव्हे तर व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वर्तमानकालवाचक धातुसाधितेच आहेत. बेलदांदी म्हणून जिच्यावर आपली मुले लोभ करतात ती आपल्या वर्तमानाची बहीण निघाली! आणि स्कुल्ड? तिच्या नावाचा एक अर्थ ऋण असा आहे. भविष्य म्हणजे काय, तर फेडावयाचे देणे. तीन ऋणे डोक्यावर घेऊन जन्मास येणाऱ्या आपणांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

व्हाल्किरींविषयी थोडक्यात सांगतो. रणात कोण पडावे हे निवडून त्याला व्हाल्हालाकडे नेणाऱ्या या कुमारिका. एका जुन्या कवितेत त्या हंसाची पिसे पांघरून उडतात आणि ती उतरवून स्त्रिया होतात. १९८२ च्या ‘माक्रॉस’ या मालिकेत लढाऊ विमानाला व्हाल्किरी हे नाव दिले आहे, आणि ते विमान पंख मिटून मनुष्याकृती होते. नाव देणाऱ्याच्या मनात ती हंसकुमारी होती की नाही कोण जाणे, पण रूप पालटणे मात्र नेमके आले. त्याच परंपरेतील २०१६ च्या ‘माक्रॉस डेल्टा’मध्ये व्हाल्किरी पुन्हा स्त्रिया झाल्या आहेत. त्या गाणाऱ्या आहेत, आणि बेभान झालेल्या सैनिकांना गाण्याने भानावर आणतात. मृत्यूकडे नेणारी येथे जीवनाकडे परत आणणारी ठरली. ही कल्पना गोड आहे. मूळ कथेची धार मात्र तीत उरलेली नाही.

शेवटी इमिर. हाजिमे इसायामा यांची ‘दैत्यांचे आक्रमण’ ही चित्रकथा २००९ ते २०२१ या काळात प्रसिद्ध झाली, तिची चित्रमालिका २०१३ मध्ये सुरू होऊन २०२३ मध्ये संपली. काटेकोरपणे ही विज्ञानकथा म्हणावी की अद्भुतकथा, याविषयी मतभेद होतील. पण या विषयात तिला वगळणे अन्यायाचे होईल. उंच तटांच्या आत कोंडलेली माणसे आणि बाहेर मनुष्यभक्षक महाकाय, असा तिचा प्रारंभ. या साऱ्या महाकायांची मूळ माता म्हणजे इमिर.

नॉर्स कथेतील इमिर हा आद्य दैत्य. ओडिन आणि त्याचे दोन भाऊ त्याला ठार मारतात आणि त्याच्या देहापासून जग रचतात. मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचे आकाश. आपल्या ऋग्वेदातील पुरुषसूक्त ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ऐकून चमकल्यासारखे होईल. त्यातून इमिर आणि यम ही नावे एकाच मूळ शब्दाची, ‘जुळा’ या अर्थाची, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. पुरुषसूक्तात मात्र तो यज्ञ आहे, वध नाही. एद्दामध्ये सरळ वध आहे, आणि त्या वधाचे दुःख कोणीच करीत नाही. इमिर दुष्ट होता एवढे सांगून स्नोरी पुढे जातो.

इसायामा मात्र तेथून पुढे जात नाहीत. त्यांची इमिर ही एक गुलाम मुलगी आहे. तिला अपघाताने एका विशाल वृक्षाच्या पोटातील पाण्यात प्रचंड शक्ती लाभते. राजा त्या शक्तीने रस्ते, पूल आणि साम्राज्य उभारतो, आणि ती मेल्यावर तिचा देह तिच्याच तीन मुलींना खावयास लावतो, का, तर शक्ती घराण्याबाहेर जाऊ नये. मरणानंतरही तिची सुटका नाही. दोन हजार वर्षे ती एका निर्जन, वाळूच्या प्रदेशात, विश्ववृक्षासारख्या उजळ वृक्षाजवळ, मातीचे महाकाय घडवीत बसलेली आहे. आज्ञा येईल तसे घडवावयाचे, एवढेच तिला माहीत. कथानायक एरेन तेथे पोहोचतो तेव्हा दोन हजार वर्षांत प्रथमच कोणीतरी तिला विचारते की, तुला स्वतःला काय हवे आहे? तिच्या डोळ्यांत पाणी येते, आणि त्या क्षणापासून जगाच्या अंताला प्रारंभ होतो.

स्नोरीने न विचारलेला प्रश्न आठशे वर्षांनी एका जपानी चित्रकाराने विचारला. ज्याच्या हाडांचे डोंगर केले त्याला कोणी विचारले होते काय? पुढे त्या कथेत जो भयंकर संहार होतो त्याचे समर्थन लेखकाने केले आहे की नाही, यावर तिचे वाचक अजूनही भांडतात. आमच्या मते केलेले नाही, पण त्याने उत्तर सोपेही ठेवलेले नाही.

पालकांसाठी एक व्यवहाराची सूचना करून आम्ही लेखणी खाली ठेवतो. इव्हान्जेलिऑन आणि इसायामांची कथा या लहान मुलांसाठी नाहीत. त्यांत रक्तपात फार, आणि मनाच्या दुखण्यांचे चित्रण त्याहून फार. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी त्या पाहाव्यात, शक्य तर घरातील मोठ्यांसमवेत. हार्लॉकची जुनी मालिका मात्र बारा-तेरा वर्षांच्या मुलास खुशाल दाखवावी. तिच्या शेवटी हार्लॉक आपल्या साथीदारांना पृथ्वी पुन्हा उभारण्यासाठी मागे ठेवतो आणि स्वतः अंतराळात निघून जातो. ते पाहून झाले म्हणजे त्या मुलास राग्नारोकनंतरचे सांगावे. जळून गेलेली जमीन समुद्रातून पुन्हा हिरवीगार होऊन वर येते, न पेरता पिके येतात, रानात लपून वाचलेले एक स्त्री-पुरुषांचे जोडपे बाहेर पडते, आणि वाचलेल्या देवांना गवतात जुन्या देवांच्या खेळातील सोन्याच्या सोंगट्या सापडतात.